खुरपं

खानापूरच्या पुढं, वीटभट्टीच्या पाठीमागं
माती काढून काढून जो खड्डा पडलाय
त्याला आम्ही तळं म्हणतो,
पलीकडच्या गल्लीतले केरे म्हणतात.
खड्डाच हाय त्यो, म्हणतो भरमाण्णा,
माझा चुलता,
ज्यानं बावीस वर्षं तोंडात बॅटरी धरून
इथलेच बेडूक पकडले
आणि अनमोडच्या घाटानं पोती खाली धाडली.
पोत्यात फक्त पाय असायचे.
बाकीचं बांधावर, कावळ्यांना.

आता तोच मोजतो.
धारवाडहून सुमंगला येते, बेडकांवर संशोधन करते,
दिवसाचे साडेतीनशे देते.
तो धरतो, ती फूटपट्टी लावते, मी वहीत लिहिते.
शास्त्रातली लांब नावं तिच्याजवळ.
आमच्या वहीत नुसतं थोरला, नाहीतर धाकटा.

थोरला वीतभर. पाठीवर उभ्या घड्या, मधून एक फिकट रेघ.
ज्येष्ठात चार दिवस हळदीचा नवरा,
गळ्याखाली दोन निळे फुगे, आणि काय तो माज.
भाद्रपदात हळद उतरलेली असते.
मग शेवाळाच्या रंगाचा होऊन काठावर बसतो.
बसतो म्हणजे बसतोच.
जे हललं ते त्याचं:
उंदराचं पोर, दिवडाचं पोर,
एकदा सुगरणीचं पिल्लू, पंखांसकट.
न हललेलं त्याला दिसत नाही.

धाकटा आखूड, गरगरीत, पाठ खरबरीत.
त्याला उलटा करून तळवा बघ, चुलता म्हणतो,
तुझ्या आयेच्या खुरप्यागत पातं हाय का न्हाई?
आहे.
त्या पात्यानं तो मागं मागं जमिनीत जातो,
ढुंगण आधी, डोळे शेवटी.
रताळ्याच्या वाफ्यात पुरून घेतो स्वतःला
आणि रात्री डोळ्यांपुरता वर येतो.
गोगलगाय, खेकडा, एखादा बारका बेडूक
त्याच्या तोंडावरून पुढं जाऊ बघतात.
पुढं जात नाहीत.

मी एकदा विचारलं, दोघांत जास्त अधाशी कोण?
तिसरा मला धर की, म्हणाला भरमाण्णा,
आणि बिडी पेटवली.

मंगळवारी अंधार पडला तरी मोजणी संपेना.
एका बादलीचा बूड फुटलेला.
त्यानं दोघांना एकाच बादलीत सोडलं, वर फरशी ठेवली.
रात्रीपुरतं, म्हणाला.

सकाळी फरशी उचलली
तर बादलीत एकच.
थोरल्याचं तोंड मिटत नव्हतं.
त्यातून बाहेर एक पाय,
तळव्याला खुरपं,
आणि तो पाय खणत होता.
एक ओढ, थांबायचा, पुन्हा एक ओढ.
खणायला माती नव्हती.

भरमाण्णानं पाय धरला.
बेडकाचा पाय हातात आला की पुढं काय
हे त्या हातांना एकच ठाऊक.
अंगठा कमरेच्या बाजूला सरकला,
सवयीनं,
आणि राहिला तिथंच.
मेल्लग, अण्णा, मेल्लग, सुमंगला म्हणत होती,
हळू म्हणजे किती हळू ते तिलाही माहीत नसावं.
त्यानं थोरल्याच्या नाकाडावर टिचकी मारली.
जबडा सैल पडला.

बाहेर आला तो लाळेनं माखलेला, एक डोळा बंद.
विटांसाठी भिजवलेल्या मातीवर ठेवला.
पडून राहिला.
मेलं जनू, असं चुलता म्हणेपर्यंत
डावा पाय. मग उजवा.
माती कडेला, अंग मागं.
उघडा डोळा जरा वेळ वर राहिला,
मग तोही नाही.

वहीत वर्तन नावाचा रकाना आहे.
सुमंगला घाईघाईनं कन्नडमध्ये सांगत होती,
माझं पेन कोरडंच.
भरमाण्णा पंपाखाली हात धूत होता,
धुऊन झाले तरी धूत होता.
बादलीत थोरला
तोंड मिटून पुन्हा बसलेला, जसा काठावर बसतो तसा.
माझी बोटं बादलीच्या कडेवर.
हलवू नको, चुलता तिथूनच म्हणाला.