दुसरं शून्य

रात्री अकरानंतर वीज स्वस्त होते,
तेव्हा आम्ही द्राक नदीचं पाणी आत घेतो.
ग्रनोबल झोपलेलं असतं. पंपघर माझं.
काम एवढंच : पाणी थंड जावं, कोमट यावं,
आणि मधल्या वेळात तांब्याचं ते वेटोळं
वितळू नये.

वर एतेलविना. पोर्तोची. प्रबंधाचं तिसरं वर्ष,
बुटांच्या नाड्या कायम सुटलेल्या.
तिचा स्फटिक मोहरीएवढा,
युरेनियम, ऱ्होडियम, जर्मेनियम,
निरपेक्ष शून्याच्या अगदी कुशीत निजवलेला.

इंटरकॉमवर ती आकडे सांगते.
शून्य टेस्ला : रोध शून्य.
वीज जाते आहे आणि कुणाला धक्का लागत नाही.
इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात, ती कॅन्टीनमध्ये म्हणाली होती,
चुंबक त्या जोड्या फोडतो.
मी म्हटलं, रात्रपाळीही फोडते.

एक. दीड.
दोनला स्फटिकानं नांगी टाकली.
मला नवल नव्हतं. शिशाला तर
जुन्या स्पीकरमधला चुंबकही पुरतो.
एकवीस वर्षांत कितीतरी धातू असे गेलेले
मी या जाळीतून ऐकलेत.

"बंद करू?"
"थांब. अंशभर फिरवते त्याला. चढव, ओदिलों."

चार. पाच. पंप घुमायला लागले.
सहा. सात. नुसता रोध, कोरडा,
मी डबा उघडून अक्रोडाचा केक काढला.

आठ.
वर काहीतरी पडलं.
मग पोर्तुगीजमध्ये एक शब्द,
शिवी होती की देव, कळलं नाही.
"रेघ खाली येतेय."
नऊ. दहा.
पुन्हा शून्य.

ज्यानं मारलं, त्याच्याच हातून.
या धातूचं आतलं चुंबकत्व
एवढ्या जोरात कूस बदलतं, तिनं नंतर सांगितलं,
आणि त्या चुळबुळीतच जोड्या परत जुळतात.
कशा, ते म्हणे अजून भांडणाचं आहे.
केक माझ्या हातात तसाच होता.

तेराच्या पुढे ती अतिवाहकता परत गेली.
आम्ही वीसपर्यंत वाट पाहिली.
नाही आली.

पहाटे चारला कोमट पाणी नदीत सोडलं.
जानेवारीत बदकं बरोबर त्याच तोंडाशी येऊन बसतात.
नोंदवहीत माझ्या रकान्यात लिहिलं :
पाणी ठीक.