तिसरी किल्ली

रविवारी मी देवाचे पैसे मोजतो,
गुरुवारी बायकांचे.
चिसुंगो गावात हिशेब येणारा मी एकटाच,
आणि प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणाराही.
पास्टर काम्वेंडोंना ते ठाऊक आहे.
म्हणतात, असू दे,
मोजणाऱ्याचे उघडेच बरे.

नोटा दोन्ही दिवशी त्याच.
मालावी सरोवराच्या काठी
बोरूच्या माचांवर उसिपा मासळी वाळते,
तिचा वास क्वाचाच्या नोटेत असा मुरतो
की शहरातल्या बँकेतली मुलगी
नाकाला रुमाल लावते.

बायकांची पेटी चर्चमध्ये, वेदीच्या मागे.
निळ्या पत्र्याची, तीन कुलपांची.
एक किल्ली लेडिटाकडे, एक फालेसीकडे,
तिसरी म्हाताऱ्या एस्नार्टकडे.
चर्चमध्येच का, मी विचारलं होतं.
फालेसी हसली.
"माझा नवरा उशी उसवतो, पिठाचा डबा उपसतो,
आईच्या कबरीतही हात घालील.
पण इथं यायला घाबरतो.
देवानं दुसरं काही नाही केलं तरी
एवढी राखण करतो ना?"

त्या राखणीवर सतरा जणींनी
जाळी घेतली, मीठ घेतलं, पोरांच्या फिया भरल्या.
पुराच्या वर्षी दोघींच्या घरांवर पत्रा चढला.
आणि त्याच छपराखाली दर रविवारी
पास्टर सांगत: पेराल त्याच्या शंभरपट मिळेल.
मी वही मागपर्यंत चाळायचो.
शंभरपट कुणाच्याच नावापुढे नव्हतं.
पास्टरांच्या दारात मात्र
लाल मोटारसायकल उभी राहिली.

मग जानेवारी.
जुना मका संपलेला, नवा गुडघ्याएवढा.
पास्टर म्हणाले, मोठी सभा घेऊ,
तंबू आणू, कर्णे आणू,
पेटीतलं परमेश्वराला उसनं द्या.
लेडिटा उठली. फालेसी उठली, जरा उशिरानं.
दोन कुलपं निघाली.
एस्नार्ट जागची उठली नाही.
"माझी किल्ली हरवली," म्हणाली.

वेदीसमोर, सगळ्यांदेखत,
अंड्यांच्या मोजणीतही कधी खोटं न बोललेली बाई.
गळ्यातला काळा दोरा
झग्याच्या आत गेलेला मला दिसत होता,
आणि पास्टर तर माझ्याहून जवळ उभे.
त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाले, "शोधा आजी. घाई नाही,"
आणि गाणं सुरू करायला सांगितलं.

गुरुवारी किल्ली सापडली.

फेब्रुवारीत लेडिटाला कळा लागल्या, मूल आडवं.
रात्र, पाऊस, तीच लाल मोटारसायकल,
पुढे पास्टर, मध्ये लेडिटा,
मागे तिला धरून मी.
एकोणीस किलोमीटर चिखल.
गाडी दशमांशाची, पेट्रोल पेटीचं.
कुठल्या वहीत काय लिहावं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मूल जगलं.
दवाखान्याच्या पायरीवर पास्टरांनी बुटांतलं पाणी ओतलं,
आणि पहिल्यांदाच मला विचारलं,
"पेटीत किती उरले?"
मी सांगितलं.
"पुरतील," म्हणाले.
प्रार्थना केली नाही. किंवा केली असेल,
तेवढ्यात माझेच डोळे मिटले होते.

परवा थाळी फिरली.
एस्नार्टची आठवड्याची विक्री चार हजार तीनशे.
तिनं पाचशेची नोट टाकली
आणि थाळी पुढे जाऊ दिली नाही.
बोटानं उकरून
एक पन्नासाची काढली, एक विसाची,
विसाची फाटकी निघाली म्हणून ठेवून दुसरी घेतली,
चितेंजेच्या टोकाला गाठ मारली.
मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.
ती माझ्याकडे वळली.
"लिही," म्हणाली, "चारशे तीस."