मापवही

मत्रहमध्ये, अत्तरवाल्याच्या वर माझं दुकान.
झुवैना पहिल्यांदा आली तेव्हा खांदा साडेतेरा,
सोबत बाप, खलफान, गलबतांचा सुतार,
रियाल हातरुमालात बांधलेले.
"मुलगी हॉटेलात सोल गाते," जमिनीकडे बघत म्हणाला.
मला सोल म्हणजे चपलेचा, तेवढाच ठाऊक.
ती हसली, "तोच, उस्ताद. झिजतो तो."

पुढे मनामा, दुबई, लंडन.
पोस्टरवर माझा जांभळा झगा.
जुळ्यांच्या वेळी कंबर मी लिहिलीच नाही.
नवरा ड्रम वाजवायचा; एका वर्षी त्याचा कोट घेऊन आली,
"माझ्या मापाचा कर."
विचारलं नाही. केला.

खलफान गेला त्याच आठवड्यात कार्यक्रम होता.
काळा झगा घालून आरशासमोर
आईची स्वाहिली अंगाई पुटपुटली,
श्वास कुठे अडतो ते बघायला.
"इथे," बरगडीवर बोट.
मी शिवण उसवली. अर्धा इंच.

काल रेडिओवर ती लागली होती.
दापोलीहून बायको फोनवर:
"कोण रडतंय हो तिकडे?"
म्हटलं, रडत नाही गं.
गिऱ्हाईक आहे, जुनं.