देवका उधन्याहून सांगते

आखाजीला लेकी माहेरी येतात.
यंदा आमच्याकडे उलटं झालं.
वंदनाचे दिवस भरत आले,
देवकाच गेली उधन्याला, सुरतच्या गाडीनं,
आणि भुसावळच्या या दोन खोल्यांत उरलो
मी, पंचेचाळीस डिग्री ऊन
आणि मोरीत उष्टी भांडी.

तेहतीस वर्षं लोकोशेडमध्ये काढली.
इंजिनाचं पोट उघडून आतून पुसलंय मी,
पण चहाचं पातेलं कशानं घासतात
ते ठाऊक नव्हतं.
दुकानातून तीन बाटल्या आणल्या,
निळी, हिरवी आणि एक गुलाबी.
चारशे साठ रुपये.
फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली.
मग म्हणाली, "परत देऊन या. बिल हाये ना?"

बिल होतं.

तेव्हापासून वंदनाचा डोळा लागला की
रोज दुपारी फोन येतो.
"पातेलं करपलं? मंग खरडू नका.
पानी घाला, चमचाभर सोडा टाका,
उकळी येऊ द्या, तवर पेपर वाचा.
वाचून झाला की फेकू नका,
आरशाला लागतो."

"नळाला पांढरं चढलं?
बोअरचं पानी हाये, चढनारच.
लिंबाची साल फडक्यात घालून
रातभर तोटीला बांधून ठेवा.
आन आधी सरबत करून प्या,
आख्खं लिंबू नळाला नका पाजू."

राखेसाठी मला पहाटेच धाडलं
तापीचा पूल ओलांडून, बऱ्हाट्याच्या मळ्यात.
घड उतरलेलं केळीचं खोड
वाळवून जाळलं की त्याची राख
ओल्या हाताला साबणासारखी निसटते.
बऱ्हाटे हसला,
"पेन्शनवाला मानूस, राख मागू राह्यला?"
पिशवी भरून दिली, वर सहा केळी.
केळी खाल्ली, सालींनी चपला चमकवल्या.
हे तिनं सांगितलेलं नव्हतं, माझं डोकं.
ती म्हणाली, "मुंग्या येतील."
आल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी
माळ्यावरून तांब्याची कळशी काढली,
आईच्या नावानं भरतो ती.
वर्षभरात काळी पडलेली, कानाशी हिरवी.
चिंच कोळली, मूठभर मीठ घातलं,
ओट्यावर बसून बोटांनी चोळू लागलो.
काळ्याखालून तांबडं वर आलं,
आधी रुपयाएवढं,
मग तळहाताएवढं,
मला शेडमधली नवी बुशिंग आठवली
आणि अंगठा झोंबला.

पेराला चीर होती, कांदा कापतानाची.
लक्षातसुद्धा नव्हती.
हात धुतला. पुन्हा चोळलं.
पुन्हा झोंबलं.

थंडीत तिच्या बोटांना भेगा पडतात.
बघितल्या होत्या मी.
एकदा व्हॅसलिन आणून दिलं होतं,
वंदना तेव्हा बालवाडीत असेल.
त्याच हातांनी दर आखाजीला
ही कळशी अशीच उजळली तिनं,
आणि तेलाच्या पत्र्यासारखे माझे हातही
शेडमधून आल्यावर
ज्वारीच्या कोंड्यानं चोळून दिले.
तिच्या हिशेबाच्या वहीत
सोडा सात रुपये,
चिंच भावाच्या बांधावरची,
राख फुकट.
हातांची ओळ शोधली.
नव्हती.

दुपारी फोन आला, चेहरा दिसणारा.
"कळशी झाली का?"
"झाली," म्हटलं. "झोंबतं गं."
ती जरा थांबली.
तिच्या मागे कुठलीशी मालगाडी जात होती,
डबे मोजावेत इतकी लांब.
"व्हय," म्हणाली, "झोंबतं.
आधी खोबरेल लावायचं हाताला.
सांगायचं इसरलीच मी."

मग मान पुढे काढून, "दाखवा बरं."
मी फोन कळशीवरून फिरवला,
गळा, पोट, कान.
तिनं आपल्या पोरीची पत्रिका बघावी तसं बघितलं.
"बुडाला राह्यलं," म्हणाली.

कळशी उपडी केली.
राहिलंच होतं.
चोथा पुन्हा उचलला,
तेल न लावता.