राजधानी घरी असते तेव्हा

किल्ला वर्षातून मोजून तीन दिवस उघडतो.
त्यातला एक आज, एक मे,
म्हणून अंजिरामावशी छिंदवाड्याहून पहाटेच्या बसनं आली.
पिशवीत ऊन लागू नये म्हणून कांदा,
चष्म्याची दोन घरं,
आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद,
ज्याबद्दल ती दुपारपर्यंत बोलली नाही.

फाटकावरच्या जवानानं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं.
"मध्य प्रदेश?"
"हो ना बाप्पा. पण मी झाली तेव्हा
आमची राजधानी हेच होती.
मी काई हलली नाही. तेच उठून गेली."
जवानाला मराठी कळत नसावं.
हसला, आणि सोडलं.

बावीस वर्षं मी या टेकडीखालून ऑफिसला जाते,
वर आज पहिल्यांदा.
तोफेपाशी एक माणूस पोरांना अठराशे सतरा सांगत होता,
कोण कुठून चढलं, कोण कुठं पडलं.
पोरं सावलीत सरकत होती, सावली त्यांच्यापासून.
मावशी कठड्याला टेकून बर्डीकडे पाहत राहिली:
मेट्रो, होर्डिंग, गच्च्यांवर काळ्या टाक्या,
भर उन्हात एक बाई वाळवण उलटतेय.
"येवढ्याशा टेकडीसाठी?" तिनं विचारलं.
त्या माणसानं ऐकलं नाही.
मलाही उत्तर आलं नाही.

झिरो माइलला थांबायला नौशाद तयार नव्हता,
"चालान फाडतात ना ताई."
तरी थांबला, इंजिन चालू ठेवून.
चार घोडे उधळलेले,
इतक्या वर्षांत कुठंच न पोचलेले.
मावशी घोड्यांकडे गेलीच नाही.
खांबाशेजारच्या दगडाभोवती वाकून
इंग्रजी अक्षरं बोटानं जोडत फिरली,
जबलपूर, शिवनी, बैतूल...
मग थांबली.
"हाय," म्हणाली. "आमचं हाय."
दगड तव्यासारखा तापला होता.
हात काढ म्हटलं,
तेव्हा काढला.

अजबबंगला राहिला, गांधीसागरही राहिला.
यादी मी केली होती, ती माझ्याच पर्समध्ये घामेजली.
"मले जुनं सचिवालय दाखव," एवढंच तिचं.
सुट्टी. कुलूप. कुंपणाआड चिंचेखाली झोपलेलं कुत्रं.
तिथं तिनं कागद काढला.

तिचा बाप मास्तर. अडकलेल्या पगाराचा अर्ज घेऊन
चोपन्न साली इथं तीन दिवस व्हरांड्यात बसला होता.
चौथ्या दिवशी शिक्का मिळाला, जांभळा, गोल,
आणि परत जाताना त्यानं डझनभर संत्री नेली.
"काम नाही झालं," घरी म्हणाला,
"पण राजधानी लय मोठी हाय."
उत्तराची वाट पाहता पाहता
राजधानी भोपाळला गेली.
मग कोणाला विचारायचं,
हेच त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"काय काम आहे?" चौकीदार खुर्चीतूनच.
"काम नाही भाऊ."
मावशीनं कागद गजांसमोर धरला,
लेकराला चांदोबा दाखवावा तसा.
"सत्तर साल झाले याले.
दार पाहून घे म्हटलं."
चौकीदार उठला. चष्मा लावून
अर्ज खरोखर वाचला, शेवटच्या सहीपर्यंत.
"अक्षर सुंदर आहे," म्हणाला,
आणि माठातलं पाणी आणून दिलं.

संध्याकाळी बस सुटता सुटता
खिडकीतून मी म्हटलं, अर्धंच पाहिलंस, डिसेंबरात ये.
तेव्हा पंधरा दिवस मंत्री असतात,
रस्ते धुतलेले, दिव्याच्या गाड्या.
"येतो ना. राजधानी घरी असते तेव्हा येतो,"
आणि कांदा माझ्या हातात देऊन
"तूच ठेव, तुले उन्हातून जायचं हाय."

ऊन कधीच उतरलं होतं.
घरापर्यंत तो मुठीत होता, कोमट.
रात्री फोन आला:
पोचली.
सावनेरला वीस मिनिटं गाडी थांबली होती,
आणि सीमा कधी गेली ते
झोपेत कळलं नाही.