काज

करी रोडच्या गाळ्यात दिवसाला
तीनशे काजं करते मी,
शाळेच्या युनिफॉर्मची जास्त.
म्हणून डॉक्टर मिस्त्री बाईंनी
केसपेपरच्या पाठीवर चार बारक्या रेघा ओढल्या,
म्हणाल्या, एवढंच कापणार,
तेव्हा ते लगेच कळलं.
दुर्बिणीचं ऑपरेशन हे नव्हतं कळलं.
रुंजीला वाटलं, वरळीच्या तारांगणातली दुर्बीण,
पोटातले तारे बघणार.

पानथरी हा शब्द ऐकून होते.
सासू सांगायची, याची काढली
नववं लागलं तेव्हा.
याची म्हणजे रुंजीच्या बाबाची.
डाव्या फासळीखालून पार मधापर्यंत,
घाईत घातलेल्या धावदोऱ्यासारखा व्रण.
चाळीच्या नळावर तो कधी बनियन काढत नाही.
लग्नाला बारा वर्षं झाली,
दिवा चालू असताना मीही धड पाहिलेला नाही.

डोळ्यांचा पिवळेपणा त्याचाच आला तिला.
तांबड्या पेशी चपट्या हव्यात, हिच्या गोल, मण्यांसारख्या,
आणि पानथरी त्यांना अडवते, खाते, फुगते.
इतकी, की परकराची नाडी
खाली सरकवून बांधायची.
खो-खो बंद.

अडीच तास.
परळच्या त्या बाकड्यावर तो
फाटक्या रेक्झिनमधला फोम नखानं कोरत होता.
म्हणाला, माझ्याकडूनच गेलं.
मी म्हटलं, पापण्याही तुझ्याच गेल्यात, लांब.
हे बरं बोलले की नाही, ठाऊक नाही.

मग बाईंनी सांगितलं,
आतच एका पिशवीत घातली,
पिशवीतच कुस्करली,
आणि बेंबीतून काढली, थोडी थोडी.
बेंबीतून.
नऊ महिने मी जे जे तिला पोचवलं
ते त्याच दारानं.
तिथे मात्र मला भिंत धरावी लागली.

आता पेनिसिलिन, सकाळ-संध्याकाळ, कित्येक वर्षं.
ताप आला की वेळ बघायची नाही, टॅक्सी.
लशींचं कार्ड देव्हाऱ्यात, कुंकवाच्या डबीखाली.

काल फ्रॉक वर करून रुंजी म्हणाली,
माझी चार. बाबा, तुझं दाखव.
तो उठला. दार लोटलं.
बनियन वर केलं, ट्यूबलाइटखाली.
तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत
बोट फिरवलं, हळू,
आणि मला विचारलं,
एवढ्या मोठ्या काजाला
बटण केवढं लागेल गं?

मी हसले.
तो थोड्या वेळानं.