तिसरा ट्रे

सात आठवडे झाले.
खोकला आता घरच्या माणसासारखा वागतो.
पहाटे साडेतीनला उठतो, आधी मला उठवतो,
मग मालनला.
ती झोपल्याचं सोंग चांगलं करते, पण मोजत असते.
चहा पुढं ठेवून सांगते,
"काल एकतीस वेळा. परवा चव्वेचाळीस होतं."
मी म्हणतो, बरं.

सव्वीस वर्षं उद्यमनगरात
तपासणीच्या टेबलावर बसतो मी.
पंपाचे शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हच्या सीटा.
मायक्रोमीटर लावायचा, तीन टिकटिक ऐकायच्या,
आकडा वाचायचा.
मापात असला तर डावीकडं.
नसला तर लाल खडूची फुली, उजवीकडं.
कुणाच्या हातचा, किती रात्र जागून केलेला,
ते विचारायचं नसतं.

राजारामपुरीतल्या लॅबनं आता
माझ्या नावाचा कागद दिलाय.
शेजारी छापलेली हद्द, इथून इथवर,
आणि चार ओळींपुढं ठळक चांदणी.
ईएसआर ब्याऐंशी.
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार.
पांढऱ्या पेशी पंधरा हजारांवर.
चौथी ओळ मला नीट वाचता येत नाही,
कुणाला विचारलीही नाही.

बाबासो म्हणाला, "तांबडा कमी, पांढरा जादा.
वाढप्याला सांगायचं न्हाईस व्हय, लेका?"
तो हसला, मी हसलो,
हसण्यातनं खोकला निघाला, खिशातनं रुमाल.
रुमालात काही नव्हतं.
पण दोघांनी वाकून बघितलं.

चौगुले डॉक्टरीणबाई फिल्म उजेडाला धरतात.
उजव्या बाजूला, तळाशी, एक ढगाळ जागा.
ओतकामात हवा अडकली की
आतनं असंच दिसतं.
"डाग अजून आहे. गोळी बदलू. रक्त परत करू. मग बघू."
त्या 'मग'ची खोली मोजायला
माझ्याकडं गेज नाही.

मालनचा थोरला भाऊ गेला,
त्याच्याही कागदावर आधी अशाच चांदण्या होत्या.
तो कागद तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.
मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही.
परवा पिशवीची गाठ वेगळी दिसली.

हळदीवरनं येताना गुऱ्हाळ लागतं.
पूर्वी गाडी लावून काकवी प्यायचो, हात चिकट घेऊन घरी.
आता तो वास नाकाच्या आधी छातीत पोचतो
आणि तिथंच अडकून खरखरतो.
पट्ट्याला चप्पललाइनीत नवं भोक पाडून घेतलं.
पोरगा म्हणाला, "मामा, व्यायाम सुरू केलासा काय?"
व्हय म्हटलं.

आज सकाळी रक्त परत दिलं.
निहाल मुजावर रबर आवळतो. "मूठ मिटा, काका."
मी विचारलं, हे मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं?
"रोज सकाळी करतो की."
रोज सकाळी.
मला वाटलं होतं, महिना झाला म्हणेल.
त्याच्या मशीनमध्ये मला झिरो एरर हवा होता,
थोडासा, माझ्यापुरता.
नळी भरत गेली. रंग बरोबर वाटला.
रंगावर जायचं नसतं,
हे मीच नव्या पोरांना शिकवतो.

रिपोर्ट सहा वाजता.
दुपारी टेबलावर एक शाफ्ट आला, दोन शतांश जाड.
पुसला. परत लावला. टिक, टिक, टिक.
दोन शतांश.
खडू हातात होता.

कोपऱ्यात तिसरा ट्रे असतो,
कुणीतरी पिवळ्या रंगानं त्यावर लिहिलंय, रिवर्क.
जाड असलं तर घासून मापात आणता येतं.
बारीक झालेल्याचं काही होत नाही.
हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलून दाखवत नाही.

शाफ्ट तिसऱ्या ट्रेत ठेवला.
पँट वर ओढली.
घड्याळात चार वाजून वीस मिनिटं.
पुढचा पीस उचलला.